थंडी ओसरली की व्हीलहाउस तळ्यावरून कधी आणि कसं हलवायचं

मिनेसोटात ऐन जानेवारीत पारा चाळीस फॅरनहाइटवर जावा आणि तीन-चार दिवस तिथेच रेंगाळावा, यात आता कुणाला नवल वाटत नाही. २०२३-२४ चा हिवाळा तर या राज्याच्या नोंदींमधला सर्वांत ऊबदार ठरला. त्या वर्षी २९ डिसेंबरला अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा पट्टा किनाऱ्यापासून सुटला आणि गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला गेलेली शंभराहून जास्त माणसं त्यावर अडकली. त्यांना बोटींनी आणावं लागलं. त्याच तळ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरअखेर साधारण दोनशे जणांना असंच सोडवलं होतं. दोन्ही वेळा माणसं आली, पण बर्फावर राहिलेलं सामान आणायला बर्फ पुन्हा भरवशाचा होईपर्यंत थांबण्याशिवाय गत्यंतर नसतं.

हे लिहिण्याचं कारण असं की मिनिॲपोलिस, मॅडिसन, विनिपेगकडची आपली बरीच मंडळी आता नुसती हौस म्हणून एका दिवसापुरती बर्फावर जात नाहीत. शनिवार-रविवारसाठी व्हीलहाउस, म्हणजे बर्फावर ठेवायचं चाकांचं घर, भाड्याने घेतात, काहींनी तर सेकंडहँड विकतही घेतलं आहे. मासेमारीची माहिती इंटरनेटवर भरपूर मिळते. घर बर्फावर उभं असताना हवा गरम झाली तर काय करायचं, हे मराठीत कुठे एकत्र वाचायला मिळत नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: व्हीलहाउस म्हणजे आठ फूट रुंद आणि सोळा ते चोवीस फूट लांब असा ट्रेलर. आत बंक, गॅसची शेगडी, प्रोपेनवर चालणारा फर्नेस, आणि जमिनीत झाकणाची गोल भोकं. त्यांतून बर्फाला ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, छिद्र पाडून आत बसूनच गळ टाकायचा. चाकं क्रँकने किंवा हायड्रॉलिकने वर घेता येतात, म्हणजे घराची चौकट थेट बर्फावर टेकते. वारा आत शिरू नये म्हणून कडेने बर्फ लोटून बंदिस्त करतात. दोन एक्सलचं एकवीस फुटी घर सामानासकट सहा-सात हजार पाउंड सहज भरतं. ओढणारी हेवी-ड्यूटी पिकअप जवळपास तेवढीच.

या सगळ्या भाराला किती बर्फ लागतो? राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, त्याचा तक्ता असा आहे: पायी चालायला ४ इंच, स्नोमोबाइल किंवा एटीव्हीला ५ ते ७, छोट्या कारला ९-१०, मध्यम पिकअपला १३, हेवी-ड्यूटी पिकअपला १६-१७, आणि त्या पिकअपमागे व्हीलहाउस असेल तर २० च्या पुढे. हा वीसचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो नितळ आणि घट्ट बर्फाचा आहे, हे अर्धवाक्य लोक विसरतात. पांढऱ्या, म्हणजे ओला स्नो गोठून झालेल्या बर्फासाठी जाडी दुप्पट धरा, असं तेच खातं सांगतं.

फरक समजायला थोडा हिशोब करू. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलेलं सूत्र आजही बर्फावरच्या रस्त्यांसाठी वापरतात. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि ३.५ ने गुणायचं, की भार किलोत मिळतो. वीस इंच म्हणजे ५१ सेंटिमीटरच्या आसपास, त्यावर साधारण ९,००० किलो. पिकअप, घर, सहा माणसं, गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या मिळून साडेसहा हजार किलो होतात. म्हणजे हाताशी बऱ्यापैकी शिल्लक आहे.

आता त्याच वीस इंचांतले वरचे आठ इंच पांढरे आहेत असं समजा. पांढरा बर्फ निम्म्याने मोजायचा. बारा अधिक चार, म्हणजे सोळा इंच. त्यावर भार येतो ५,८०० किलो. मोजपट्टी अजून वीसच दाखवते आहे आणि तुमचं घर आधीच हिशोबाबाहेर गेलंय. त्यात वाटेत पाण्याने भरलेली फट आली तर बर्फावरच्या रस्त्यांच्या मार्गदर्शिका भार आणखी निम्मा करायला सांगतात, आणि दोन ओल्या फटी एकमेकींना छेदत असतील तिथे थेट पाव. कारण फटीच्या काठावर बर्फ एका बाजूने लोंबतो. दुसऱ्या बाजूचा आधार तुटलेला असतो.

आणि हे सगळं थंड बर्फाचं गणित. हवा सलग चोवीस तास शून्य सेल्सियसच्या वर राहिली की तक्त्यातले आकडे सुरक्षित समजू नयेत, असं कॅनडातल्या कामगार-सुरक्षेच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. ऊबदार लाटेत इंच कमी होण्याआधी ताकद कमी होते. म्हणून ‘अजून अठरा इंच आहे, काही होत नाही’ हे वाक्य गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानाच्या (बेट शॉप) काउंटरवर ऐकलंत तर विचारा, कसला अठरा इंच.

कमाल तापमान बघू नका

हवामानाच्या अंदाजात लोक दिवसाचं कमाल तापमान बघतात आणि तिथेच चुकतात. बघायच्या गोष्टी तीन: दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं), रात्रीचं किमान आणि वारा. ३८ अंश फॅरनहाइट, कोरडी हवा, दवबिंदू वीसच्या घरात, रात्री पारा पंधरावर, असा दिवस असेल तर पृष्ठभाग जरा ओला होतो आणि रात्रीत परत आवळतो. याउलट ३६ अंश, धुकं, दवबिंदू ३४-३५ आणि वारा, हे लक्षण वाईट. दवबिंदू ३२ च्या वर गेला की हवेतली वाफ बर्फावर येऊन पाणी होते आणि होताना आपली उष्णता बर्फाला देते. वारा नवी ओली हवा आणत राहतो. ढग असल्यामुळे रात्रही थंड होत नाही. अशा दोन रात्री लागोपाठ दिसल्या की घर काढायचं, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पाऊस दिसला तर तो सुरू व्हायच्या आत काढायचं. पाऊस उष्णता आणतो, वरचा पांढरा स्नो नाहीसा करून बर्फ काळपट करतो, आणि काळपट बर्फ ऊन जास्त शोषतो.

महिनाही महत्त्वाचा. डिसेंबरातल्या चाळीस अंशांत आणि मार्चमधल्या चाळीस अंशांत मोठा फरक आहे. डिसेंबरात सूर्य क्षितिजालगत असतो आणि वितळणं वरून होतं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन ऑक्टोबरच्या मध्याइतकं कडक असतं. ते बर्फाच्या आत शिरतं आणि स्फटिकांच्या सांध्यांवर वितळवतं. बर्फ जाडीने तेवढाच राहतो, पण उभ्या कांड्यांमध्ये सुटा होतो. असा बर्फ पहारीच्या एका घावाला तुकड्यांत विखुरतो. घर काढायची कायदेशीर मुदत मिनेसोटाच्या दक्षिणेकडच्या दोन तृतीयांश भागात मार्चचा पहिला सोमवार आणि उत्तरेकडच्या एक तृतीयांश भागात तिसरा सोमवार असते. ती मुदत म्हणजे त्या तारखेपर्यंत बर्फ टिकेल अशी हमी नव्हे.

घर स्वतःच आपली जागा कमजोर करतं

चालत्या गाडीचा भार बर्फावर क्षणभर येतो. उभं घर तिथेच दिवसरात्र बसून असतं, आणि बर्फ दीर्घ भाराखाली हळूहळू वाकतो. आधी लक्षातही येत नाही इतका उथळ खळगा होतो. मग त्या खळग्याकडे आजूबाजूचं वितळपाणी वाहत येतं.

बर्फ पाण्यावर तरंगतो, त्याच्या जाडीचा साधारण बारावा हिस्सा पाण्यावर असतो. वीस इंच बर्फाचा दीडेक इंच वर. म्हणजे दर चौरस मीटरला चाळीसेक किलो एवढाच पसरलेला भार तो बुडल्याशिवाय घेऊ शकतो. त्यावर फूटभर जड, दमट स्नो पडला तर त्याचंच वजन पन्नास-साठ किलो होतं. मग फटींतून आणि जुन्या छिद्रांतून पाणी वर येतं आणि स्नोच्या खाली लपून राहतं. इथले लोक त्याला स्लश म्हणतात. वर कोरडा स्नो, खाली सहा इंच पाणी, त्याखाली बर्फ. गाडी एकदा त्यात रुतली की चाकं फिरून फिरून खड्डा आणखी खोल करतात.

यावरूनच एक साधी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण निघते. घरापासून आणि उभ्या गाडीपासून चार-पाच फुटांवर एक छिद्र पाडून ठेवा. त्यात लाकडी पट्टी उभी धरून बर्फाच्या वरच्या कडेपासून पाणी किती खाली आहे ते पाहा, पट्टीवर पेन्सिलने खूण करा. वीस इंच बर्फात पाणी दीडेक इंच खाली दिसायला हवं. संध्याकाळी ते इंचावर आलं, रात्री अर्ध्या इंचावर आलं, म्हणजे बर्फ तुमच्या वजनाखाली बसतोय. पाणी काठाशी आलं की गाडी हलवायचीच. डीएनआरही हेच सांगतं: गाड्यांमध्ये किमान पन्नास फूट अंतर ठेवा, दर दोन तासांनी जागा बदला, आणि शेजारच्या छिद्रातून पाणी ओसंडू लागलं तर लगेच निघा. ऊबदार दिवसांत दोन तासही जास्तच. पिकअप घराच्या दाराशी लावून ठेवायची सवय तर पूर्ण सोडा. आपल्याकडे एका घरात जेवायला तीन कुटुंबं जमतात आणि तीन एसयूव्ही भिंतीला लागून उभ्या राहतात. बर्फाच्या दृष्टीने ते सगळं मिळून एकच वजन असतं. गाड्या किनाऱ्यावर ठेवा, डबे स्लेडवर ओढून आणा.

भाराखेरीज उष्णता. फर्नेस चालू, माणसं आत, चौकट ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची. धातू उष्णता खाली पोचवतो, चौकट बर्फात अर्धा-एक इंच बसते, रात्री भोवतीचं पाणी गोठतं आणि घर जखडतं. दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन पडून तिथला बर्फ आधी वितळतो, त्यामुळे घर हळूहळू दक्षिणेला कलतं. आत मग कपाटाची दारं आपोआप उघडू लागतात, दरवाजा अडतो. दार अडकू लागलं की केवळ बिजागरीला दोष देऊ नका, बाहेर जाऊन चारही कोपरे बघा.

छिद्रांचंही तसंच. पृष्ठभागावर पाणी साचलं की ते जवळच्या छिद्रातून खाली जातं, गोल फिरत, आणि जाताना छिद्राची भिंत खात जातं. दहा इंचाचं छिद्र दोन-तीन दिवसांत नरसाळ्यासारखं रुंद झालेलं दिसतं. घराखालच्या सहा-आठ छिद्रांत हे चालू असेल तर चौकटीच्या मधोमध बर्फ पोखरला जातो, आणि वर झाकणं लावलेली असल्याने कुणाला दिसत नाही. ऊबदार दिवसांत रोज झाकण उघडून टॉर्चने कडा पाहा. कड धारदार आणि सरळ हवी. गोलसर, गुळगुळीत, आत झुकलेली दिसली तर ती जागा सोडा. जनरेटर घराला चिकटवून ठेवला तर त्याच्या धुराखाली वेगळाच खड्डा होतो. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब, फळीवर ठेवा.

इथेच एक जीवघेणी गोष्ट. घर बसलं की फर्नेसची धूर सोडणारी जाळी बर्फाजवळ येते, आणि कडेचा स्लश गोठून ती अर्धवट बुजवू शकते. मग कार्बन मोनॉक्साइड आत राहतो. त्याला वास नसतो. डोकेदुखी आणि मळमळ यांना लोक थकवा समजतात. बॅटरीवर चालणारा अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावा, वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, जाळीभोवतीचा बर्फ दिवसातून दोनदा काढा.

लाट यायच्या आधीचे दोन दिवस

शहाणपणाचं काम थंडी असतानाच होतं. अंदाजात लाट दिसली आणि तुम्ही घर लगेच काढणार नसाल, तर निदान ते जखडणार नाही एवढं करा. कडेने लोटलेला बर्फ फावड्याने हातभर दूर सारा. तो वितळून आधी पाणी होणार आणि मग सिमेंट. घर चार-पाच इंच उचला आणि चौकटीखाली चारही कोपऱ्यांत, शिवाय एक्सलजवळ दोन्ही बाजूंना, दोन बाय सहा इंची लाकडाचे फूटभर तुकडे आडवे टाका. ठोकळा गोठला तर तो पहारीने सुटतो, चौकट गोठली तर नाही. मग चाकांच्या कप्प्यांत हात घाला. चाकं वर घेतली की टायर बर्फाच्या पातळीजवळच लटकतात, कप्प्यात स्लश भरतो आणि टायर, हब आणि ब्रेक सगळं एका ढेपेत गोठतं. तो स्लश ओला असताना हातमोज्याने दोन मिनिटांत निघतो. गोठल्यावर त्याच कामाला दोन तास लागतात. चाकं जागच्या जागी अडकवणाऱ्या पिनांची भोकं साफ करून पिना एकदा काढून परत घाला. प्रोपेलिन ग्लायकॉलचं गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पिनांवर थोडं लावलं तर चालतं. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ किंवा मीठ तळ्यावर वापरायचं नाही. ते पाणी माशांचं आहे, आणि काठावरच्या लोकांचंही.

मी मात्र म्हणेन की घरात कुणी राहणार नसेल तर ठोकळ्यांवर भरवसा ठेवून घर सोडून जाऊ नका. काढून किनाऱ्यावर लावा. चार दिवसांची मासेमारी बुडते, पण पुढे थंडी आली की परत नेता येतं.

बाहेर काढताना

वेळ पहाटेची. रात्रभर आकाश निरभ्र असलं आणि पारा फॅरनहाइटच्या विशीत गेला तर वरचा थर घट्ट असतो. पण त्या थरावर विसंबू नका. स्लशवर इंच-दोन इंचाचा पापुद्रा गोठतो आणि पायाला तो खणखणीत लागतो. ऑगर घ्या आणि पूर्ण वाट तपासा, दर दीडशे फुटांवर एक छिद्र, घरापासून किनाऱ्यापर्यंत. प्रत्येक छिद्रात जाडी मोजताना पट्टीच्या खालच्या टोकाला हुक असावा म्हणजे ती बर्फाच्या खालच्या कडेला अडकते. नितळ किती, पांढरा किती, मधे पाण्याचा थर आहे का, हे तिन्ही बघा. मधे पाणी लागलं तर फक्त खालचा सलग बर्फ मोजायचा, वरचा थर शून्य धरायचा. दोन छिद्रांच्या मधे पहारीने ठोकत चला. कोरडा, टणक आवाज हवा. दोन घावांत पहार आरपार गेली तर जिथे आहात तिथून, आलात त्याच पावलांनी मागे या.

स्नो बाजूला लोटून केलेल्या ज्या रस्त्याने घर आत आणलं, तोच परतीला चांगला असेल असं नाही. स्नो काढल्यामुळे थंडीत तिथे बर्फ जाड झालेला असतो, हे खरं. पण ऊन लागल्यावर तोच उघडा, मळका पट्टा आधी वितळतो. शिवाय दोन्ही बाजूंना लोटलेल्या स्नोच्या वजनाने बर्फ दबतो आणि रस्त्याला समांतर फटी पडतात. मिल लॅक्स किंवा लेक ऑफ द वुड्ससारख्या मोठ्या तळ्यांवर प्रेशर रिज, म्हणजे दाबाने उचकटलेल्या बर्फाच्या रांगा, असतात. तापमान चढलं की बर्फ प्रसरण पावून तिथे उचकटतो. रिसॉर्टवाले तिथे पूल टाकतात आणि रोज जागा तपासतात. निघायच्या सकाळी त्यांना फोन करा. कालचा निरोप आज चालत नाही. वारा किनाऱ्याकडून तळ्याकडे वाहत असेल आणि पलीकडे मोकळं पाणी असेल, तर जाडी कितीही असो, पट्टा सुटू शकतो. रेड लेकचा धडा तोच.

घर उचलताना घाई इथे सर्वांत महाग पडते. जॅक थेट बर्फावर लावू नका, दोन फूट लांब, दोन बाय बारा इंची फळी खाली घाला, नाहीतर जॅक बर्फात घुसतो. एक कोपरा एकदम पूर्ण न उचलता प्रत्येक कोपरा इंच-इंच करून फेरी मारत वर घ्या. जखडलेली चौकट पहारीने सोडवायची. घाव चौकटीपासून तीन-चार इंच दूर, बाहेरच्या दिशेने. चेनसॉ वापरायचा तर त्याच्या साखळीला वनस्पती तेल घाला. गॅसची मशाल चौकटीखाली लावू नका, घराच्या तळाला फोम फवारलेला असतो आणि तो पेटतो. क्रँकचं घर असेल तर केबलला ताण असताना हँडल सोडायचं नाही, त्याच्या फिरण्याच्या वाटेत मनगट किंवा चेहरा ठेवायचा नाही. पाय चौकटीखाली कधीच नको. आणि पिकअप जोडून झटका देऊन घर सुटतं का बघू, हा प्रयोग तर मुळीच नको. हिचचा, म्हणजे घर गाडीला जोडणाऱ्या जोडाचा, सांगाडा वाकतो, आणि त्या झटक्याचा भार बर्फावर स्थिर वजनापेक्षा कितीतरी जास्त येतो.

बर्फ जेमतेम पुरेल असा वाटत असेल तर हेवी-ड्यूटी पिकअप आतच आणू नका. पट्ट्यांवर चालणारी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची छोटी) गाडी लहान घर हळूहळू ओढू शकते. तिला ते थांबवता मात्र येत नाही. ओल्या बर्फावर तिने ब्रेक लावला की मागचं घर तिला ढकलत आडवं फिरवतं. म्हणून उतार नसलेली वाट, सावकाश चाल, आणि थांबायला लांब मोकळी जागा.

वेगाचं कारण समजून घ्या, म्हणजे तो पाळावासा वाटतो. गाडी चालते तेव्हा बर्फाखाली पाण्याची लाट तयार होते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की बर्फ सर्वांत जास्त वाकतो. उथळ पाण्यात हा वेग खोलीवर ठरतो: दोन मीटर खोलीला ताशी सोळा किलोमीटर, तीन मीटरला साडेएकोणीस, पाच मीटरला पंचवीस. म्हणजे किनारा जवळ येतो तसा धोक्याचा वेग कमी होत जातो, आणि लोक नेमके तिथेच ‘एकदाचं पार होऊ’ म्हणून गॅस दाबतात. ताशी आठ किलोमीटरच्या आत राहा. किनाऱ्यावर सरळ चढू नका, तिरके या. सरळ गेलात तर लाट किनाऱ्यावर आपटून परत तुमच्याखालीच येते. दोन गाड्यांत किमान शंभर मीटर ठेवा, दुसऱ्याच्या मागोमाग निघू नका.

खिडक्या खाली, सीटबेल्ट सोडलेला, चालकाशिवाय गाडीत कुणी नाही. बाकीचे पायी, लांबून, लाइफ जॅकेट घालून, गळ्यात बर्फात रोवायच्या टोकदार खुंट्यांची जोडी अडकवून. गाडीतला माणूस मात्र लाइफ जॅकेट घालत नाही, बुडत्या गाडीतून बाहेर पडताना ते छताला दाबून धरतं. पाण्यात पडलात तर मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेक्ट सांगतात ते एक-दहा-एक लक्षात असू द्या: पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. आलात त्याच दिशेला तोंड करा, कारण तिकडच्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. खुंट्या रोवा, पाय मारत आडवे वर या, आणि उभं न राहता लोळत दूर जा.

शेवटचे तीस फूट सगळ्यांत वाईट असतात. काठाची माती, लव्हाळे, दगड ऊन शोषून बर्फ आधी सोडवतात. रस्त्यांवरचं वितळपाणी मोऱ्यांमधून तिथेच येतं. तळ्याची पातळी चढली की मधला बर्फ वर उचलला जातो आणि काठाशी पाण्याची पट्टी उघडते. तिथे फळ्या टाकून जायचं असेल तर फळी दोन्ही बाजूंना घट्ट बर्फावर किमान चार फूट टेकलेली हवी. तेवढा घट्ट बर्फ मिळत नसेल तर घर तिथेच उभं करू नका. काठापासून मागे, जाड बर्फावर न्या, चाकांवरच ठेवा, गाडी सोडवून दूर काढा आणि थंडीची वाट बघा किंवा दुसरा उतार शोधा. गाडी किंवा घर बुडालंच तर मिनेसोटात ते तीस दिवसांत बाहेर काढणं मालकावर बंधनकारक आहे, आणि पाणबुडे, क्रेन, सांडलेलं इंधन या सगळ्याचा खर्च घराच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

जिथे घर होतं तिथे परत जाऊन लाकडाचे ठोकळे, फळ्या, सिगारेटची थोटकं, सगळं उचला. गोठलेला ठोकळा वसंतात तरंगू लागतो आणि मे महिन्यात एखाद्या बोटीच्या प्रोपेलरला लागतो. पाडलेल्या छिद्रांजवळ, विशेषतः रुंद झालेल्या, झाडाची फांदी उभी करून ठेवा म्हणजे मागून येणारा स्नोमोबाइलवाला चुकवेल.

हमरस्त्यावर निघण्याआधी किनाऱ्यावर अर्धा तास द्या. छतावरची आणि तळाशी लटकणारी बर्फाची ढेपं काढा, साठ मैलांच्या वेगात ती मागच्या गाडीच्या काचेवर जातात. चाकं हाताने फिरवून ब्रेक मोकळे झाल्याची खात्री करा. पिना पूर्ण बसल्यात ना, दिवे लागतात ना, हे पाहा. दहा मैलांवर थांबून प्रत्येक हबला हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. स्लशमध्ये बुडालेल्या हबचं ग्रीस दुधाळ झालेलं असतं. ते पुसून काढा, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा, सील बदला, आणि हे घर परत बर्फावर नेण्याआधी करा.